चाळीस हजार व्होल्ट

म्हेरने खोकं माझ्या बाकावर ठेवलं
साखरपुड्याची अंगठी दाखवावी तसं.
लाल कॉइल, निळ्या सिलिकॉनच्या वायरी,
इरिडियमचे चार प्लग, प्रत्येक वेगळ्या डबीत.
"चाळीस हजार व्होल्ट, वराझदात काका!"
पोस्टातला दीड महिन्याचा पगार.

बाहेर ग्युमरीची थंडी, उणे बावीस.
काळ्या दगडाच्या भिंतींवर बर्फ, पिठासारखं,
झाडलं तरी न जाणारं.
आणि त्याची झिगुली, सहा नंबरची,
भूकंपाच्या चार वर्षं आधीची, आजोबांची,
आठवडाभर रोज सकाळी खोकत होती,
कधी तीन सिलिंडरवर,
कधी नुसत्याच म्हेरच्या शिव्यांवर.

आता ह्याला काय सांगू?
ठिणगी उधळी नसते रे, पोरा.
फट मागते तेवढंच ती देते.
नखाच्या जाडीची फट,
ती ओलांडायला बारा-पंधरा हजार पुरले
तर बारा-पंधरा हजारच लागतात,
बाकीचे खोक्यावर छापलेले राहतात.
हंडा मोठा आणला
म्हणून तहान वाढत नाही.

हो, कुठे कुठे वाढते.
माझ्या मेव्हण्याने, स्मबातने, टर्बो बसवला होता.
इतक्या दाबात ठिणगी फुंकर घातल्यासारखी विझते,
तिथे असली कॉइल लागते. लागतेच.
आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवू म्हणालास
तर पाना मीच हातात देईन.
बर्फात वाकून ती पातळ पट्टी घालायची,
फट मोजायची, पुन्हा मोजायची,
ह्या कमरेला आता पुरे झालं.
तरी जुने पॉइंट डिकीत असू देत.
ते काडेपेटीच्या कडेवर घासले की घरापर्यंत नेतात.
त्या काळ्या डबीला घासणार कुठे?

ह्यातलं मी काहीच बोललो नाही.
"ठेव," म्हणालो. "संध्याकाळी ये."

दिवा मालवला.
शेजारच्या पोराला किल्ली फिरवायला बसवलं
आणि अंधारात बॉनेटखाली डोकं घालून उभा राहिलो.
दिसलं.
डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसाएवढी भेग,
तिच्यातून एक निळी मुंगी पळत होती,
प्लगकडे नाही,
जवळच्या लोखंडाकडे, आडवाटेने.
आणि अर्थिंगची पट्टी मिठागरासारखी पांढरी.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

भंगारातल्या एका गाडीची टोपी काढून लावली.
पट्टी घासली, तांबं लाल होईपर्यंत.
जुन्या कॉइलवरच किल्ली फिरवली.
पहिल्या फटक्यात.
इंजिन असं चालू लागलं
जसं कधी काही झालंच नव्हतं.

मग बंद केलं,
आणि त्याची लाल कॉइल बसवली. वायरी. प्लग.
पैसे तर त्याने दिलेच होते.

म्हेर आला. किल्ली फिरवली.
कान देऊन उभा राहिला, हात फेंडरवर,
डोळ्यांत पाणी, थंडीचं असेल.
"ऐकलंत काका? चाळीस हजार!"
"हं," म्हणालो.

तेविसाव्या वर्षी मीही
तीन सुरांच्या एका हॉर्नसाठी
महिनाभर उकडलेल्या बटाट्यांवर राहिलो होतो.
गाडी माझ्याकडे नव्हती.

बिलावर लिहिलं: कॉइल बसवणे, तीन हजार द्राम.
टोपी लिहिली नाही. पट्टीही नाही.

त्याची जुनी कॉइल मी ठेवून घेतली.
ती आता अरुस्याकच्या पावाच्या व्हॅनमध्ये आहे.
पहाटे चारला खिडकीखालून जाते, एकही ठोका न चुकवता,
आणि गुरुवारी दाराशी एक गरम मातनाकाश ठेवलेला असतो,
फडक्यात गुंडाळून.
कॉइल किती व्होल्टची,
हे तिने अजून विचारलेलं नाही.