चाचणीचा स्वर

मी वाजवत नाही. आधीच सांगून टाकतो,
कारण दारातून आत येणारा प्रत्येकजण विचारतो.
मी चामडी गाद्या बदलतो, बूच तासतो, पोचे काढतो,
आणि शेवटी एकच स्वर फुंकून पाहतो,
हवा कुठे गळत तर नाही ना.
क्लीव्हलँडमध्ये एकेचाळीस वर्षं, एवढंच माझं संगीत.

पण सॅक्सोफोन उघडला की माणूस उघडतो.
डेल्मार प्रूटच्या टेनरला पोस्टाच्या गोंदाचा वास,
दिवसभर तो पाकिटं लावायचा.
हेझल मॅकअडूच्या मुखनळीवर दातांचे दोन खड्डे,
डावा जास्त खोल.
चावू नकोस गं, मी म्हणालो.
नवऱ्याला चावता येत नाही, ओरिन, ती म्हणाली.
मी नवी दिली, गुळगुळीत.
आठवड्यात परत आली :
यातून कोणीतरी दुसरीच बाई बोलते.

तेव्हा सगळे याच रस्त्यावरचे.
शुक्रवारी पगार झाला की पाचच्या सुमारास दुकान भरायचं.
काम नसलेलेही यायचे, मुद्दाम एखादा स्क्रू सैल करून.
भांडणं तर किती!
कोणी कोणाची सुरावट उचलली,
कोण बारा आवर्तनं झाली तरी थांबेना.
टिल्मन आणि ओक्स यांचा दोन वर्षं अबोला,
आणि रोज रात्री वाजवायचे खांद्याला खांदा लावून.
लोक म्हणायचे, काय संवाद आहे दोघांत!
अबोलाच होता तो.
निरोप माझ्यामार्फत जायचे.

हे मला गोड करून सांगायचं नाही.
आमच्याच पुरुषांनी तीन वर्षं
हेझलला गाणारी समजून कोट सांभाळायला दिले.
कोणी ‘आपली माणसं’ म्हणालं की
मला ती आधी दिसते : भिंतीला टेकून उभी,
वाद्य गळ्यात, हातावर दुसऱ्यांचे कोट.

मग वस्तीतून महामार्ग गेला.
पोलादाच्या भट्ट्या विझल्या.
कोणी काही ठरवलं नाही, तरी शुक्रवार ओसरत गेले.
वरच्या फळीवर सात वाद्यं आहेत,
दुरुस्त होऊन, नावाच्या चिठ्ठीसकट,
‘पैसे घेऊन येतो’ म्हणून गेलेल्यांची.
दर डिसेंबरात मी ती उतरवतो, तेल देतो,
प्रत्येकातून तोच एक स्वर फुंकतो.
बायको होती तेव्हा म्हणायची, हजेरी घेतोस का रे?

आता खोकी येतात. ऑस्लोहून, फुकुओकाहून.
आत वाद्य आणि छापील कागद.
चेहरा मीच जुळवतो :
हा डावा अंगठा फार घाबरून टेकवतो.
हिच्या घरी मांजर आहे.

मंगळवारी मात्र एक पायी आली. टेव्हिया रँडल, एकोणीस.
शेजारी ओरडतात म्हणून कपाटात बसून वाजवते,
हिवाळी कोटांत तोंड खुपसून.
ड्रमवाला साओ पावलोत, बेसवाली लीड्समध्ये,
तिघं कधी भेटलेले नाहीत.
मी विचारलं, मग भांडता कशावरून?
‘उशिरावरून,’ ती हसली,
‘आवाज पोचायला पापणीएवढा वेळ जातो,
आणि प्रत्येकाला वाटतं, दुसराच मागे आहे.’
हं, मी म्हणालो. ते तर इथेही होतं,
हाताच्या अंतरावर.

तिचं वाद्य फुंकून पाहिलं.
वरच्या कळीपाशी जरासं फुसफुसत होतं.
थांब, पुन्हा उघडतो.
‘राहू द्या,’ ती म्हणाली, ‘तेवढं माझंच आहे.’
मग तिनं फोन पुढे धरला :
‘तो स्वर परत काढा ना.’
मी काढला. एकच. लांब. जरा कापरा.

काल तिनं पाठवलंय काहीतरी.
खाली साओ पावलोचा ड्रम, मध्ये लीड्सची बेस,
आणि माझा स्वर, आठ वेळा, जरा उशिरा.
सुरुवातीचा माझा खोकलाही काढलेला नाही.
बरं झालेलं नाही, खरं सांगायचं तर.

दोनदा ऐकलं.
दुसऱ्यांदा दुकानाची फळी लावून,
आवाज थोडा मोठा करून,
त्या सातांना ऐकू जावा म्हणून.