बारा आठवडे

राजीनामा. यातलं 'राजी' कोण,
मी की कंपनी?

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, माशांच्या कारखान्यात,
सहा वर्षं मी थर्मामीटर खुपसत होते
गोठलेल्या हॅडॉकच्या पोटात:
उणे अठरा, उणे अठरा,
उणे चौदा – बाजूला काढा.

पत्र दोन ओळींचं दिलं.
ग्लेनिसने ते वाचून उलटं ठेवलं
आणि कपाटातून माझी फाईल काढली.
"बारा आठवडे," ती म्हणाली,
दवाखान्यात बाळंतपणाची तारीख सांगावी तशी.

मी म्हटलं, चार. माझ्या कागदावर चारच आहेत.
ते दोन वर्षांपूर्वी बदललं, सगळ्यांना पत्र गेलं होतं.
सगळ्यांना म्हणजे कुणाला?
दोरोताला आलं नाही. मला आलं नाही.
आलंच असेल तर पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर
गेलं असेल बाराच्या भावात.

लिंकनची नवी नोकरी एक तारखेला सुरू होणार होती:
पाणी तपासायचं. नुसतं पाणी,
ज्याला वास नसतो.

चार आठवडे भरले त्या शुक्रवारी
केसांची जाळी काढली, बिल्ला टेबलावर ठेवला.
कुणी केक आणला नाही.
दोरोता तेवढी गाडीपर्यंत आली,
गालाला गाल लावला. तिचा गाल, उणे काहीतरी.

मग पगार आला नाही.
नऊ दिवसांची रजा शिल्लक होती, तिचेही नाहीत.
पत्र आलं: आपण लवकर गेल्यामुळे झालेलं नुकसान.
आकडा वाचला आणि कळलं,
मी एवढी महाग होते.

सल्ल्याच्या फोनवर चाळीस मिनिटं व्हायोलिन.
मग एक स्कॉटिश आवाज, अगदी सावकाश:
"बदललेल्या कागदावर तुमची सही आहे?"
नाही.
आयुष्यात एकदा तरी
सही न केल्याचं समाधान.

पत्रं एकूण सात. त्यांची तीन, माझी चार.
नवरा म्हणाला, सोड ना, एवढ्यासाठी कशाला.
एवढं म्हणजे किती,
ते मी त्याला पेनीपर्यंत सांगितलं.
तो भांडी घासायला उठला.

जूनमध्ये पैसे आले. सोबत शब्द नाही.
चौदा पौंड मात्र कापलेले:
'परत न केलेले बूट.'

खरं आहे.
पाच नंबरचे पांढरे गमबूट
अजून माझ्या डिकीत आहेत.
लिंकनच्या रस्त्याला वळण आलं की
एक दुसऱ्यावर आपटतो,
आणि पुढच्या सिग्नलपर्यंत
गाडीत थोडा वास राहतो.