डावीकडे

एप्रिलात सोलापुरात फिरायला जायचं
म्हणजे साडेसातची वाट बघायची.
त्याआधी रस्ता आपला नसतो.
साडेसातलाही भिंतीला पाठ टेकली
तर दुपार आत शिल्लक असते,
शेवटची भाकरी उतरल्यावरच्या तव्यासारखी.

आज कारखाना बंद.
अंबादास सुट्टीच्या दिवशीही मोठ्यानं बोलतो,
आमच्या मधे माग चालू असल्यासारखा.
पोरं त्याच्या डाव्या बाजूनं चालतात,
तो कान बरा आहे.
हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

नियम लास्याचा:
दर कोपऱ्यावर एकानंच ठरवायचं कुठं वळायचं,
बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही.
चिठ्ठी निघाली तेजाची.
तेजा साडेचार वर्षांचा, चप्पल उलटसुलट,
कमरेवर हात.
डावीकडे, म्हणाला.

कन्ना चौकामागच्या गल्लीत वळलो.
नरसव्वा उंबऱ्यात, मांडीवर सूप,
पानं कातरायची कात्री घसरून पायाशी.
कुठं निघालात?
फिरायला.
पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे.
त्याच्या पुढच्याला डावीकडे.
मी उद्याच्या डब्याचा विचार करत होते,
पहिल्या फेरीतलं मला
नरसव्वाशिवाय काही आठवत नाही.

चौथ्यांदा डावीकडे म्हणाला
आणि समोर आमचंच दार.
आलोच आहोत तर म्हणून
मी कुलूप ओढून बघितलं.

दुसऱ्या फेरीला लास्या चिडली.
एव्हाना कंबर तलावावर असतो आपण,
कुल्फी खात.
नियम कुणाचा? अंबादास ओरडला,
म्हणजे त्याच्या मते हळूच बोलला,
आणि दोन खिडक्यांतून माणसं डोकावली.
या खेपेला मला दिसलं:
गच्चीवर सुताच्या लाल लडी वाळत घातलेल्या,
खाली रस्त्यावर थेंबाथेंबानं रंग.
पोरं तो ओलांडत गेली, एकेक थेंब,
जणू पाय पडला तर कुणाला तरी लागेल.
बंद स्कूटरच्या सीटवर एक शेळी,
मालकिणीसारखी.

आलात पण? नरसव्वा म्हणाली.
तिच्या सुपात बिड्यांचा कट्टा वाढला होता.

बँडवाल्यांच्या घरात कुणीतरी
क्लॅरिनेटवर एकच ओळ वाजवत होतं
आणि एकाच जागी अडखळत होतं.
अंबादासला ते ऐकू आलं नाही.
तिसऱ्या फेरीला तेजानं त्याला बाहीला धरून
खिडकीखाली उभं केलं, वळवलं,
बरा कान वर.
आम्ही चौघं, गटारावरच्या फरशीवर,
तिकीट काढल्यासारखे गप्प.
ओळ आली. अडखळली.
परत आली, आणि अडखळायच्या जागेवरून
अशी सुटली की आतल्या पोराला
स्वतःलाच खरं वाटलं नसावं,
लगेच थांबला.
अंबादासनं टाळी वाजवली.
खिडकी धाडकन बंद झाली.

मळ्ळी? नरसव्वा हसली,
बोटं न थांबवता,
आणि चौथ्यांदा आम्ही दिसलो तेव्हा
तिनं पायरीवर तांब्या काढून ठेवला होता,
शेजारी कागदात भाजक्या शेंगा.
बसलो मग तिथंच.
टरफलं तेजाच्या खिशात,
कारण ती त्याला हवी होती,
कशाला ते विचारायचं नव्हतं.

मी विचारलं, सारखं डावीकडेच का रे?
त्यानं माझ्याकडे असं बघितलं
की एवढंही कळत नाही.
डावीकडे पप्पाला ऐकू येतं ना.

नरसव्वानं कट्टा बांधला, दोरा दातानं तोडला.
मी शेंग सोलली आणि खाल्ली नाही
बराच वेळ.

पुढच्या आठवड्याची चिठ्ठी अंबादासची.
लास्यानं आत्तापासूनच लावून धरलंय,
पप्पा, उजवीकडे. तलाव उजवीकडे आहे.
तो म्हणतो, काय?
ती त्याच्यापुढून वळसा घालून पलीकडे येते
आणि पुन्हा सांगते.