बारदान

मार्केट यार्डाच्या पावतीमागं
भूपालदानं नावं लिहायला घेतली.
मागच्या दोघांवर वाद नव्हता.
पुढचे तीन म्हटल्यावर
सगळ्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले.

विश्रामबागचं मैदान, रात्रीचे साडेनऊ,
बोर्डावरचा एकच दिवा चालू
आणि त्याच्याभोवती उसातनं आलेले किडे.
उद्या इचलकरंजी. त्यांचा सहा नंबर
सहा फूट सहा, आणि जवळ आला की आणखी.

"मधे अभिनंदन, डावीकडं जयकर,
दोन डोंगर उभे करू,
येऊ दे कुणाला यायचंय ते."
फौजदारकाकांनी मान हलवली.
रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,
मान अजून पंचनाम्यावर सही केल्यासारखी हलते.
"उंची शिकवता येत नाही, लगा."

मी म्हणालो, वाकणंही येत नाही शिकवता.

कुणी ऐकलं नाही. मी स्कोअरर.
दिवसा हळद तोलतो, संध्याकाळी गुण मांडतो.

जयकरचं वाईट सांगत नाही मी.
कवठेपिरानचं पोरगं, मनगट असं मऊ
की चेंडू आत गेला हे जाळीलाही उशिरा कळतं.
पण टाकल्यावर तो बघत उभा राहतो,
फोटो निघतोय असा,
तोवर समोरचे तिघं आपल्या बोर्डाखाली.
हे माझ्या वहीत नाही.
माझ्या वहीत त्याचे अठरा.

आणि दस्तगीर नदाफ. पाच अकरा, तेही बुटात.
मिरजेत बापाबरोबर गाद्या भरतो,
सरावाला येतो तेव्हा भुवयांत कापूस असतो.
चेंडू बघतच नाही तो, समोरच्याची कंबर बघतो.
डोळे फसवतात, हात फसवतात, म्हणतो,
कंबर कुठं जाणार?
धडक यायच्या आधीच तिथं जाऊन उभा,
पडतो, घसरतो, कोपर सोलतं,
उठतो तो थेट पुढच्या माणसाकडं.
मागच्या पाच सामन्यांत त्याचे गुण:
दोन, शून्य, शून्य, एक, शून्य.
तो एकसुद्धा फ्री थ्रोचा, बोर्डाला आपटून.

"शून्याला आत घेऊन करू काय?"
भूपालदाचं खोटं नव्हतं.
दस्तगीर आत असला की
त्याला मोकळा सोडून ते अभिनंदनवर दोघं घालतात,
मग आपला हल्ला म्हणजे
बोळात शिरलेला उसाचा ट्रॅक्टर,
पुढं भिंत, मागं दोन ट्रॉल्या.

तेव्हा मी बारदानाचं काढलं.
काट्यावर पोतं चढलं की
आम्ही आधी बारदान वजा करतो.
गोणपाटाचे पैसे कोण मोजतो?
पण गेल्या मार्चात एकाची शिवण उसवली
आणि राजापुरी हळद गाळ्यापासून रस्त्यापर्यंत,
हमाल ओंजळीनं भरत बसले,
पाडव्यापर्यंत तळवे पिवळे.

"हळद निराळी, बास्केटबॉल निराळा,"
फौजदारकाका म्हणाले.
तेही खरं.
चहा गार झाला. जयकर, दस्तगीर,
पुन्हा जयकर. पेन्सिलीचं टोक मोडलं,
नखानं सोलून भूपालदानं नवं काढलं.

टाकीखाली रोज पाणी साचतं,
ते पुसायला कोण वाकलंय हे आधी दिसलं नाही.
फडकं पिळून दिव्याखाली आला,
आमच्या पावतीकडं त्यानं पाहिलंही नाही.
"दादा, उद्या कुणाला धरायचं?"

खेळणार का, हे विचारलं नाही.

फौजदारकाका चप्पल शोधू लागले.
भूपालदा बराच वेळ पेन्सिलीकडं बघत होता.
"सहा नंबर," म्हणाला शेवटी,
"डाव्या खांद्यावरनं वळतो तो."

"वळतो की. पण त्याच्या आधी
उजवी टाच उचलतो," दस्तगीर म्हणाला,
आणि फडकं कठड्यावर वाळत टाकून
मिरजेची शेवटची बस गाठायला पळाला.

भूपालदानं पावती घडी करून खिशात घातली.
तिसरं नाव कोणतं, मी विचारलं नाही.
घरी जाताना चालत होतो
लोकांच्या टाचा बघत.