ऐकीव गोल

पहाटे पावणेसहा. मासळी बाजारामागे बस,
इंजिन चालू, हीटर बंद.
घाट लागला की होतो आपोआप सुरू, नेस्टा म्हणते.
चार वर्षं म्हणतेय.
मी रात्रपाळीवरून तशीच आलेय,
लिंबू चोळलं तरी हातांना हॅडॉकचा वास.
कुणी नाक मुरडलं नाही.
तसलं नाक घेऊन स्केल्बीत कुणी टिकतच नाही.

आम्ही तेवीस.
मागच्या खेपेला एकतीस होतो,
पण तेव्हा तक्त्यात खालून दुसरे नव्हतो.

पहिल्या सीटवर ऑल्फ प्रिडमोर, मांडीवर वही. ही सहावी.
एकोणीसशे एकसष्टपासूनचा आमचा प्रत्येक गोल तिच्यात आणि तिच्या थोरल्या बहिणींत आहे:
कुणी, कितव्या मिनिटाला, कुठल्या पायानं.
त्याच्या लग्नाच्या दिवशीचाही आहे.
त्याबद्दल विचारायचं नाही.

पेनाइन्स चढताना ग्लेनिसनं अंड्याची सँडविचेस वाटली
आणि दहा वर्षांचा कॅलम पिशवीत ओकला.
परगावची पहिलीच मॅच त्याची.
तोंड पुसून म्हणाला, आज आपण जिंकणार ना?
आजाऱ्याच्या उशाशी कुणी खर्च विचारावा
तशी बस गप्प झाली.
मग क्लाइव्ह म्हणाला, तिथले चिप्स चांगले असतात, बाळा.

थॉर्नलॉला उतरलो आणि धुकं.
आधी टेकडी गेली. मग गिरणीची चिमणी, मग दिवे.
मध्यंतरानंतर पलीकडचा गोलपोस्टही गेला.
आम्हाला उघड्यावरच्या चार पायऱ्या, एक लोखंडी कठडा,
आणि राखायला एक पोलीस, तोही जांभया देत.
मधलं वर्तुळ तेवढं दिसत होतं.
खेळाडू पांढऱ्यात शिरत, पांढऱ्यातून बाहेर येत,
आत काय करत ते त्यांचं त्यांना माहीत.
"ऑफसाइड!" क्लाइव्ह ओरडला.
कोण, कुठे, काही नाही. सवय.

एकसष्टाव्या मिनिटाला
पलीकडचं गाणं तुटलं,
कडव्यात नाही, शब्दात,
अर्धा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.
दोन हजार माणसं एकदम गप्प होतात
त्याचाही आवाज असतो.
आमच्या ओळखीचा आहे तो.
घरच्या मैदानावर आम्हीच करतो, एक शनिवार आड.

"गोल?" ग्लेनिस पुटपुटली, जणू चोरी करतेय.
आणि मग तेवीस गळे.
पोलीस जागा झाला.
मी कुणा अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले होते,
तो आमच्या बँकेतला मॅनेजर निघाला.

ऑल्फची पेन्सिल मात्र अधांतरी.
कुणी मारला?
आम्ही सगळ्यांनी मिळून धुक्याला विचारलं: कुणी मारला?
आधी शिव्या आल्या.
पुन्हा विचारलं.
मग एकच आवाज, बाईचा, वैतागलेला:
"तुमच्या नऊ नंबरनं! गुडघ्यानं! नुसता लागला हो!"
आणि दोन्हीकडून हसणं आलं,
मध्ये कुठेतरी भेटलं असेल.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला रेफरीनं बॉल काखेत घेतला.
मॅच रद्द. पुन्हा पहिल्यापासून, कुठल्यातरी मंगळवारी.
नियमानं आजचं काहीच घडलेलं नाही.

"मग तो गोल गेला कुठे?" कॅलमनं बसमध्ये विचारलं.
चिप्स थंड झाले होते. कुणी बोललं नाही.
ऑल्फनं छोटी टॉर्च दातांत धरली.
मी मागून वाकून पाहिलं:
६१ मि. ओटवे. गुडघा. ऐकीव.
काट मारली नाही त्यानं. खाली रेघही नाही ओढली.

मंगळवारी कोण कोण, नेस्टानं आरशातून विचारलं.
अंधारात हात मोजता येईनात,
तिनं तेवीसच धरले.

उताराला लागलो आणि हीटर सुरू झाला.
कोटांतून वाफ निघायला लागली, काचा धुरकटल्या,
बँकेचा मॅनेजर घोरू लागला.
कॅलम कुशीवर वळला, म्हणाला,
कसला तरी वास येतोय.
झोप, म्हटलं.