कोणी, केव्हा उघडलं

हिउमा बेटावर डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
हेल्वे कार्ड यंत्रात सारते, चार आकडे दाबते
आणि स्वतःला उघडते.
साखर. रक्तदाब. डाव्या गुडघ्याचा फोटो.
पेनिसिलिन चालत नाही.
प्रसूती : एक.

अगदी तळाशी, जिथवर कुणी सहसा उतरत नाही,
तिथं एक यादी असते :
पाहणाऱ्यालाही पाहता यावं म्हणून.
डॉक्टर, मंगळवार.
कार्डलामधलं औषधाचं दुकान, मंगळवारच.
आणि टार्टूचं इस्पितळ, रात्री तीन वाजून बारा मिनिटं,
परिचारिका कैरित.

टार्टूला हेल्वे कधी आजारीच पडली नाही.

नऊ वर्षं बोलणं नाही.
बापाच्या मातीला आली ती
बोटीचं परतीचं तिकीट खिशात घेऊनच.
शब्दाला शब्द लागला होता, कशावरून
ते आता फार तर एकीला आठवत असेल.

नावापुढे बटण आहे : खुलासा मागा.
दाबलं की चौकशी, नोकरीवर गदा.
शेजारचा एन्देल म्हणतो, दाबच, हक्क आहे तुझा.
परवानगीशिवाय आपल्या रक्तात डोकावायचं म्हणजे काय!
आपल्या रक्तात, असंच म्हणाला तो.
हेल्वेनं त्याला कॉफी दिली, दुसरी नाही विचारली.

ती यादीत मागं मागं जाते.
ऑक्टोबर, दोन पन्नास. ऑगस्ट, तीन चाळीस.
गुडघा मोडला त्या आठवड्यात तर रोज.
वॉर्ड निजल्यावर दाराशी यावं,
कडी न वाजवता
आत दिवा आहे ना, एवढंच बघून वळावं,
तसं.

पण गुडघा भरून आल्यापासून फाइलीत भर नाही.
तब्येत ठणठणीत, हीच पंचाईत.
तेच तेच आकडे वाचून पोर परत जाते.

सोमवारी हेल्वे दवाखान्यात.
काय होतंय?
काही नाही. रक्त तपासा.
बाही वर. सुई. नळीत गडद लाल चढत जातं.
तक्रार काय लिहू? नर्स कीबोर्डवर थांबते.
लिही, बटाटे यंदा खूप निघाले, तळघर भरलंय.
असं नाही लिहिता येत, आजी.
मग लिही...
हेल्वे खिडकीकडे बघते, बाहेर काहीच दिसत नाही.
लिही, एकटीला जेवण जात नाही.

नर्स टाइप करते : भूक मंद.
जरा थांबून, न विचारता, पुढं : एकटी राहते.

हे वर कधी दिसेल?
संध्याकाळपर्यंत.
चालेल, हेल्वे म्हणते. रात्रीच्या आत हवं.