चव्वेचाळीस मिलिमीटरचा रकाना

रकाना चव्वेचाळीस मिलिमीटरचा
आणि फिनिश शब्द मालगाडीसारखे,
डब्याला डबा जोडत जातात,
फाटक काही उघडत नाही.

तांब्याची खाण बंद पडलेल्या त्या गावात
साप्ताहिकाचं शेवटचं पान साइला मुस्तोनेन लावते.
शेवटचं पान म्हणजे गेलेल्यांचं.
तिचे नियम ठरलेले:
तोडण्याआधी किमान तीन अक्षरं, नंतर किमान तीन,
लागोपाठच्या ओळींना शेपूट नको,
आणि मेलेल्या माणसाचं नाव
तोडायचं नाही, मग ओळीत भगदाडं पडोत.
नाव निवडायचं, ‘अतूट’वर टिचकी मारायची.
एवढं सोपं अजून कुठे असतं?

पण त्या मंगळवारी तिला सर्दी होती.
नावं सांभाळली, बाकीचं प्रोग्रॅमवर सोडलं.
प्रोग्रॅम मोजतो. वाचत नाही.

तोइमी हुर्स्काइनेन, वय एक्क्याऐंशी,
एकतीस वर्षं उतरत राहिला काइवोसाउक्कोत.
काइवोस म्हणजे खाण, आउक्को तिचं तोंड.
ओळ एक अक्षर आधी संपली:
काइवो-
साउक्को.
काइवो, विहीर. साउक्को, पाणमांजर.
एकतीस वर्षं तोइमी उतरत राहिला
विहिरीतल्या पाणमांजरात.

कच्चा कागद केर्त्तूच्या टेबलावर गेला.
तिनं चश्मा लावला, त्या रेघेवर बोट ठेवलं
(आपण तिला संयोगचिन्ह म्हणतो,
शब्द तुटतो तिथेच ती लागते तरी)
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
साइला नाक पुसत उभी.

मग केर्त्तू हसली. अशी, की कॉफी बशीत आली.
“अगं, अगदी असाच यायचा वर!
केस चपटे, मिशीतून पाणी गळतंय,
आणि दारातच अंग झटकायचा, मेला.”
मेला म्हणाली आणि थांबली.
बशीतली कॉफी परत कपात ओतली.
“राहू दे तसंच.”

“चूक आहे ती,” साइला म्हणाली.
“आहे ना.”

रात्री कार्यालयात एक कळ दाबायची होती फक्त,
न दिसणारी रेघ ‘स’च्या पुढे पेरायची;
गरज पडली तरच उगवते ती.
साइलानं बोट तिथे नेलं.
बाहेर बर्फ काढणारी गाडी पुढे गेली, मागे आली.
तिनं पान छपाईला पाठवलं.

शुक्रवारी तीन फोन आले,
तिन्ही निवृत्त मास्तरांचे.
“हो,” ती शिंकत म्हणाली,
“चुकलंच.”